भंडारा उचलून दिलेलं मत

महापालिकेच्या मागच्या निवडणुकीत मी माझं मत वाया घालवलं, असं आमच्या गल्लीचं म्हणणं आहे. गल्लीला ते कळलं, कारण मीच ते रागाच्या भरात ओरडून सांगितलं. तो राग अजून गेलेला नाही. त्याच्याखाली शरम आहे, तीही गेलेली नाही.

आमच्या प्रभागातल्या एका जागेसाठी तिघे उभे होते. एक जुना नगरसेवक, दुसरा जमिनींच्या व्यवहारात मोठा झालेला माणूस आणि तिसऱ्या सिस्टर. सिस्टर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. बोलायला लागल्या की थांबत नसत, माणसं घड्याळ बघायची. पण महापालिकेचा बंद पडलेला दवाखाना उघडावा म्हणून त्या एकट्या वर्षानुवर्षं अर्ज देत होत्या. त्या दवाखान्यात पहिल्या दोघांच्याही मंडळांचे मांडवाचे बांबू आणि फाटके बॅनर ठेवलेले असत. दोघांचं एकमत असलेली ती एकच गोष्ट.

मतदानाच्या आधी गल्लीच्या तालमीत बैठक झाली. पितळी ताटात भंडारा ठेवला होता. प्रत्येकानं चिमूटभर उचलायचा, कपाळाला लावायचा आणि घरातली सगळी मतं जुन्या नगरसेवकाला देतो म्हणून देवाची शपथ घ्यायची.

"सिस्टर चांगल्या हायत, न्हाई कोण म्हणतंय?" तालमीचे अध्यक्ष म्हणाले. "पर त्यास्नी दिल्यालं मत म्हंजे पंचगंगेत सोडल्यागत हाय."

"नदी आधीच घाण हाय की ओ अध्यक्ष, आनि कशाला टाकताय?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

माझा धाकटा भाऊ पुढच्या ओळीत बसला होता. चौकातल्या रस्त्याकडेला त्याचं कुकर आणि मिक्सर दुरुस्तीचं खोकं होतं. पत्र्याचं, दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढं. निवडून आलो तर खोकी उठवणार, असं जमिनीवाला उघड बोलत होता. म्हणून भाऊ जुन्या नगरसेवकासाठी जीव तोडून राबत होता. त्यानं माझ्याकडं न बघताच सांगून टाकलं, "दादाची आन वहिनीची मतं माझ्याकडं. माझा शब्द."

ताट माझ्यापुढं आलं आणि मी भंडारा उचलला.

मतदानाच्या दिवशी यंत्रापुढं उभा राहिलो आणि मला त्या दवाखान्यातले बांबू आठवले. मी सिस्टरच्या नावापुढचं बटण दाबलं. बाहेर शाळेच्या फाटकापलीकडं भाऊ उन्हात उभा होता.

"झालं काम?"

"झालं," मी म्हणालो.

जमिनीवाला निवडून आला, जुना नगरसेवक पडला. आमच्या भावकीच्या जेवणाला जेवढी माणसं येतात, जवळपास तेवढ्याच मतांनी. सिस्टरना त्याहून थोडी जास्त मतं होती, त्यामुळं हिशेब करायला गल्लीला वेळ लागला नाही. कोण फुटलं, याचा शोध सुरू झाला. चौकात एकानं माझ्याकडं बघून खाकरून म्हटलं, "शिकल्याली माणसं लई विचार करत्यात, मर्दा." भावानं त्याची कॉलर धरली. "आमच्या घरातलं एक बी मत हाललं न्हाई! भंडारा उचललाय माझ्या दादानं!" मी शेजारीच उभा होतो. मी भावाला मागं ओढलं, एवढंच.

पुढं अतिक्रमणवाले आले. रस्त्याकडेला खोक्यांची रांग होती, त्यातलं भावाचं तेवढंच उचललं. भाऊ आता स्कूटरला पिशवी अडकवून घरोघरी कुकर दुरुस्त करत फिरतो. मला त्याच्या घराकडं जायला पाय उचलत नसे.

आणि मग एक दिवस जुन्या नगरसेवकाचा फोटो फिरत माझ्या फोनवर आला. गळ्यात जमिनीवाल्याच्या पक्षाचा पट्टा, हातात पुष्पगुच्छ, आणि शेजारी तोच जमिनीवाला. विकासासाठी प्रवेश, असं खाली लिहिलं होतं. अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्यासाठी भंडाऱ्याचं ताट फिरवून अख्ख्या गल्लीची मतं गोळा केली, त्यानं ती सगळीच्या सगळी नेऊन दुसऱ्याच्या पायाशी ओतली होती, आणि वाया गेलं म्हणे सिस्टरना दिलेलं मत!

तसाच भावाकडं गेलो. तो दारात बसून एका कुकरच्या झाकणाचं रबर बसवत होता.

"बघितलास फोटो?"

"बघितला."

"तू गेला होतास ना या जुन्याकडं खोक्याचं सांगायला? काय म्हणाला?"

"थांब जरा, बघूया म्हणाला."

"मग कुणाचं मत वाया गेलं? सांग की! मी सिस्टरना दिलं. व्हय, मीच दिलं!" शेजारची दारं उघडली एवढ्या मोठ्यानं मी बोललो. पश्चात्तापानं बोललो असतो तर आज लिहायला बरं वाटलं असतं. मी भांडण जिंकायला बोललो.

भावानं झाकण खाली ठेवलं.

"सिस्टरना दिलंस त्याचं मला काय न्हाई. तालमीत तिथंच बोलायचं हुतंस. मला वाईट वाटलं असतं, बास. मी तुझ्यासाठी मानसाची कॉलर धरली, दादा. तू बाजूला हुबा हुतास."

मी फोन खिशात घातला.

"आन वहिनीचं मत?" त्यानं विचारलं.

"मी मत देऊन घरी गेलो, तेव्हा तिलाही सिस्टरनाच द्यायला सांगितलं."

तो हसला. वाईट हसला. "तालमीनं मला सांगितलं, मी तुझ्या नावानं शब्द दिला, तू वहिनीला सांगितलंस. आन मग राग कुनाचा यतोय तुला?"

त्यानं झाकण पुन्हा हातात घेतलं. मी घरी आलो. बायको भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तू सिस्टरना दिलंस, तेही माझ्यामुळंच. तुझ्यापुढंही मी चुकलो."

"मी कुठं सिस्टरना दिलं?" ती मान वर न करता म्हणाली.

"म्हणजे?"

"भावजींचं खोकं जाईल म्हणून जुन्यालाच दिलं. सिस्टर चांगल्या हायत. पर त्या खोकं वाचवणार हुत्या काय?"

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही इचारलंत कुठं? कुनाला द्यायचं ते सांगितलंत, आन गेलात पुढं."

माझा आवाज चढला. "मग तुझं तरी मत कुठं गेलं? तो गेला की त्यांच्यात!"

"माझं मी खोक्यासाठी दिलं हुतं," ती म्हणाली. "त्यानं नेऊन इकलं. मग तो चोर झाला की माझं मत वाया गेलं? तेवढं सांगा, आन मग वरडा."

तेवढं मी तिला अजून सांगितलेलं नाही. पण भावाकडं पुन्हा जायला निघालो, तेव्हा ती सोबत यायला तयार आहे का, हे या वेळी आधी विचारलं.