आवणीच्या गाण्याची परवानगी

किन्हवलीच्या हायस्कुलात महिपत विशे क्लार्क होते. दिवसभर दाखले टाइप करायचे आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचे. बेंजोलाही टाइपरायटरसारखीच बटणं, त्यामुळे बोटं दोन्हीकडे सारखीच पळायची. २००४ साली कामाच्या सक्तीमुळे त्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केला. बरोबरचे कुरकुरले, पण महिपतना इंटरनेटची गोडी लागली.

२००९च्या जानेवारीत म्हसाच्या जत्रेत त्यांनी आवणीचं, म्हणजे भातलावणीचं, एक जुनं गाणं बेंजोवर वाजवलं. मेव्हण्याने त्याचं शूटिंग केलं आणि महिपतनी मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून ते स्वतः इंटरनेटवर चढवलं. मस्कतहून कुणीतरी खाली लिहिलं, ‘आवणीला आमची आई हेच गायची.’

महिन्याभरात व्हिडिओ गायब झाला. कल्याणच्या एका कॅसेट कंपनीने गाण्यावर हक्क सांगितला होता.

बायको काशी म्हणाली, “अवो, कशाला कोर्टाची भानगड? ऱ्हाऊ दे ते.”

“चूक असंल तर माफी मागीन,” महिपत म्हणाले. “नसंल तर नाय मागनार. आधी बघू तर दे, गानं हाय कुनाचं.”

त्यांनी घरातली त्याच कंपनीची १९९३ची कॅसेट शोधून काढली. वेष्टनावर छापलं होतं: गायिका जनाबाई देसले, धसई. गीत पारंपरिक. रविवारी बेंजो पोत्यात गुंडाळून महिपत मुरबाडला गेले आणि तिथून धसईची बस धरली.

जनाबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या, लग्नात धवले गाणाऱ्या म्हणून पंचक्रोशीत नावाजलेल्या. महिपतनी सगळं सांगितलं आणि विचारलं, “मावशी, ह्ये गानं तुमी कुनाकडनं शिकलात?”

“शिकले? मीच जुळवलं ना रे ते! लगीन होऊन आले त्या साली. शब्द माजे, चालपन माजी.”

“मग कॅसेटवर पारंपरिक कसं?”

“त्यांनी छापलं. मना कोनी इचारलंच नाय.”

इतकी वर्षं महिपत हे गाणं वाजवत होते, आणि विचारलं तर त्यांनीही नव्हतं. “मावशी, मीपन नाय विचारलं. आता विचारतो. वाजवू का?”

“आधी वाजवून दाखव.”

त्यांनी वाजवलं. दुसऱ्या कडव्यात जनाबाईंनी हात वर केला. “हितं थांब. लय घाई करतोस. चिखलातून पाय काढून मागं टाकायला टाइम लागतो का नाय? तेवढं थांबायचं.”

महिपतनी पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा त्या नुसत्या मान डोलवत राहिल्या. मग आत जाऊन ट्रंकेतून रेशनकार्डाबरोबर जपलेला एक कागद घेऊन आल्या. कंपनीने अंगठा घेतलेला तो करार होता. महिपतनी तो शाळेतला दाखला तपासावा तसा शब्द न् शब्द वाचला. ‘सदर ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे राहतील.’ शब्द आणि चाल यांचा कुठे उल्लेखही नव्हता.

“मावशी, त्यांच्याकडं फक्त ती टेप हाय. गानं तुमचंच हाय!”

“मना ठावं हाय,” जनाबाई म्हणाल्या. “तुला आता कळलं.”

महिपतनी तिथेच परवानगीचा कागद लिहिला, दोनदा वाचून दाखवला. जनाबाईंनी त्यात एक ओळ घालायला लावली, की गाण्यासोबत त्यांचं नाव यायलाच हवं. मग अंगठा उठवला. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स जोडून महिपतनी कंपनीला रजिस्टर पत्र पाठवलं आणि साइटवरचा हरकतीचा इंग्रजी फॉर्म डिक्शनरी घेऊन स्वतः भरला. पत्रात विनवणी नव्हती. ‘वादन माझे आहे, गीत व चाल श्रीमती जनाबाई देसले यांची आहे, त्यांची परवानगी सोबत आहे.’

पाच आठवड्यांनी कंपनीने दोन ओळींत हक्क मागे घेतला. दिलगिरी नव्हती. महिपतनी मात्र जुना व्हिडिओ परत लावला नाही. धसईच्या त्याच अंगणात, बरोबर जागी थांबत, नव्याने वाजवलं, ते शूटिंग चढवलं आणि खाली टाइप केलं: शब्द आणि चाल, जनाबाई देसले.

सायबर कॅफेच्या पडद्यावर जनाबाईंनी ते पाहिलं. आपलं नाव कुठलं ते विचारून त्यावर बोट ठेवलं.

“अजून अकरा गानी हायत माजी,” त्या म्हणाल्या. “बुधवारी ये. कागद घिऊन ये.”