मृणालीची भाकरी

अनिता माझी शेजारीण. आमच्या गडब गावात लग्न होऊन आली तेव्हापासून बघते मी तिला, बाई कधी कोणापुढं रडायची नाय. दिवाळीनंतर छातीत गाठ निघाली, पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं, उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, केस गेले. तरी रडली नाय. पण लेकीच्या भाकरीवरून मात्र रोज डोळे पुसायची.

लेक मृणाली, पाचवीत. बाप सुजय रोह्याला कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी, घरात असून नसल्यासारखा. ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजलेला, त्याला चटका बसू द्यायचा नाय असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. म्हणून अनिता शेगडीपासून लांब पाटावर बसायची आणि तिथून पोरीला तांदळाची भाकरी शिकवायची.

आणि पोरगी रोज बिघडवायची. कधी कडा फाटलेल्या, कधी मधोमध भोक. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "अगो, पाण्याचा हात लाव! किती वेळा सांगू तुला?"

"रंभाकाकी," अनिता मला म्हणायची, "रिपोर्टची वाटत नाय तेवढी भीती मला हिची वाटते. मी नसले तर हिच्या पोटात काय पडेल? उद्या मोठी झाली, पाळी आली, तर कोणाला सांगेल? बापाला? आणि माझंच दुखणं हिच्या अंगात उतरलं असेल तर?"

"गप गो, अभद्र बोलू नको," मी म्हणायची.

पुढच्या केमोला नवरा-बायको मुंबईला गेली तेव्हा मृणाली माझ्याकडं राहिली. सांजच्याला मी पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसले होते. आतून थापल्याचा आवाज आला म्हणून उठून बघते तर काय, पोरगी भाकऱ्या करतेय! गोल, पातळ, तव्यावर टम्म फुगलेल्या. माझ्यासुद्धा अशा होत नायत.

माझं टाळकंच फिरलं. "काय गो भवाने! एवढी छान भाकरी येते आणि तिकडं आईला रडवतेस? लाज नाय वाटत?"

तिनं गॅस बंद केला. पाठ माझ्याकडंच.

"काकी, आईला सांगू नको ना."

"का म्हणून नाय सांगू?"

"रोह्याच्या सीताआजी आल्या होत्या ना, बाबांच्या आत्या. त्या आईला म्हणाल्या, 'पोरीला भाकरी तेवढी शिकव, मग देवानं नेलं तरी चिंता नाय.'" आता तिला हुंदका आवरेना. "मला भाकरी आली असं कळलं तर आई जाईल."

त्या सीताबाईच्या जिभेला काही हाड हाय का! समोर असती तर परातीतलं पीठ तिच्या तोंडात कोंबलं असतं मी. पोरीला पोटाशी धरलं आणि दोघी रडलो.

दुसऱ्या दिवशी अनिता परत आली. सांगू नको म्हणाली होती पोरगी, पण मला राहवलं नाय, सगळं सांगून टाकलं. अनिता पांढरीफटक पडली. मग तिनं मृणालीला हाक मारून जवळ बसवलं.

"आई, तू मरशील?" पोरीनं सरळच विचारलं.

मला वाटलं, आता ही नाय म्हणेल. कोणतीही आई म्हणेल.

"ठाऊक नाय गो," अनिता म्हणाली. "मलापण भीती वाटते. डॉक्टर सांगतात तेवढं सगळं मी करते. पण तुला भाकरी आली म्हणून मी कुठं जाणार नाय. ते दोन्ही वेगळं हाय. कळलं?"

मृणाली उठली, उकड काढली, परात घेतली. अनिता पाटावर बसून बघत होती, यावेळी पाण्याचा हात लाव म्हणून ओरडली नाय.

भाकरी टम्म फुगली. पोरीनं ती आईच्या ताटात वाढली, शेजारी बसली आणि तिचा पदर मुठीत धरला. अनिताचं जेवण होईपर्यंत सोडला नाय.