भरीत पार्टीचे फोटो

धुळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कॉम्प्युटर एकच, आणि त्याचा पासवर्ड चहावाल्यालाही पाठ. त्यातच मला परीक्षेची प्रश्नपत्रिका लपवायची होती. मी ती एका फोल्डरमध्ये टाकली आणि फोल्डरला नाव दिलं, ‘भरीत पार्टी फोटो’. पेपर शोधणारा तिथे कशाला जाईल?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाडून सगळा स्टाफ तिथे जाऊन आला होता. भरिताच्या नावाने सगळे धावतील, जन्म खान्देशात काढून एवढी अक्कल मला नसावी! आमचे शिपाई नाना तर सगळा फोल्डर पालथा घालून तणतणतच आले. “बठ्ठं दखं भाऊ, एक बी फोटो नही. पार्टी कोठे व्हयनी? मले कसं सांगं नही?”

चरफडत मी नवा पेपर काढला. तो प्राचार्यांच्या जुन्याच फोल्डरमध्ये ठेवला. त्याचं नाव होतं, ‘महत्त्वाच्या सूचना : सर्वांनी वाचाव्यात’. परीक्षा पार पडेपर्यंत त्याला कोणाचाही हात लागला नाही.

नंतरच्या मीटिंगमध्ये प्राचार्यांनी विचारलं, “फोल्डरमधल्या माझ्या सूचना सगळ्यांनी वाचल्या ना?”

“हो सर!” सगळे एका सुरात म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.