गाडीतला गोड वास

गाडी पाणी पीत होती, आणि ते जात कुठे होतं हे कुणालाच कळत नव्हतं.

ताई रोज कामावर जाण्याआधी बॉनेट उघडायची आणि इंजिनाशेजारच्या प्लास्टिकच्या टाकीत डोकावायची. टाकीतलं हिरवं पाणी खुणेच्या खाली गेलेलं असायचं. वर भरायचं, झाकण घट्ट करायचं, आणि पुन्हा तेच. गळती सापडावी म्हणून तिने गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवला, पण सकाळी पुठ्ठा ठणठणीत कोरडा. तेलाचा एक डाग होता खरा; पण तेल ती गाडी वडिलांच्या काळापासून गाळत आली होती, त्याचं कुणी मनावर घेत नव्हतं.

मिस्त्रीकडे दाखवून झालं होतं. माणूस बरा होता. त्याने रेडिएटर पाहिला, प्रत्येक पाइपवरून हात फिरवला, उताणा झोपून खालून बॅटरी मारली. मग हात पुसत म्हणाला, "बाहेर कुठे गळत नाही, ताई. म्हणजे इंजिनच आत पीत असणार. उघडावं लागेल. आठवडाभर गाडी ठेवून जा."

"आठवडाभर?" ताई म्हणाली. "एक दिवसाआड मला दवाखाना आहे हो."

"मग पाणी भरत राहा, आणि तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. दुसरं काय सांगू?"

तिला सगळा गाव ताईच म्हणायचा. धुलाईच्या कारखान्यात ती चादरींना वाफेची इस्त्री करायची आणि तिथल्या तिच्याहून मोठ्या बायकाही तिला ताईच म्हणत. खरं म्हणजे ती एकाच माणसाची ताई. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ जेमतेम चालायला लागला होता, वडील कायम फिरतीवर. भावाला भरवणं, न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, मारामारी करून आला की दोन्हीकडच्यांची समजूत घालणं हे सगळं तिच्या वाट्याला आलं. तो पोरगा दिवसभर तोंडातल्या तोंडात गुणगुणत असायचा, म्हणून ती त्याला भुंग्या म्हणायला लागली. भुंग्या मोठा होऊन दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. शिडीवर चढून अक्षरं काढतानाही त्याचं गुणगुणणं चालूच असे, इतकं की खालून जाणारे लोक मान वर करून हसत.

मग त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. डायलिसिसचं यंत्र होतं घाटापलीकडच्या मोठ्या गावात. एकदा बसने नेऊन पाहिलं होतं. परतताना त्याला भरल्या बसमध्ये उलट्या सुरू झाल्या, डोळे पांढरे झाले, आणि लोकांनी ओरडून ओरडून त्या दोघांना मधल्याच थांब्यावर उतरवायला लावलं. त्या दिवसापासून ताईने बसचं नाव काढलं नाही. वडिलांची जुनी निळी गाडी होती, आणि ती चालवायला वडिलांनीच तिला शिकवली होती. तेवढ्यावर सगळं चाललं होतं.

भुंग्याला पाणी मोजून मिळायचं. सकाळी एक छोटी बाटली भरायची आणि ती दिवसभर पुरवायची. जास्त प्यायलं की ते अंगात साठतं, फुप्फुसात चढतं. त्यामुळे मागच्या आठवड्यात त्याच्या पायाखालची गाडीतली चटई ओली लागली तेव्हा ताईचा संताप झाला.

"चोरून पाणी पितोस ना? आणि सांडतोस वर!"

"नाही गं. आईशप्पथ नाही."

"आईची शपथ घालू नकोस. मग हे कुठून आलं?"

हल्ली तो वाद घालतच नसे. एकदाच म्हणाला होता, "ताई, गाडीत काहीतरी गोड वास येतो. पाक करपल्यासारखा." ताईने तेही आजारावर ढकललं. त्याला भात धातूसारखा लागायचा, साबणाचा वास कुजका यायचा; त्यातलंच हे एक.

आणि मग डायलिसिसची एक पाळी हुकली. घाटाच्या पायथ्याशीच गाडी तापली आणि त्यांना माघारी यावं लागलं. त्यानंतरच्या दोन दिवसांत भुंग्याचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले. आडवं पडलं की त्याला गुदमरायला व्हायचं, म्हणून तो उशांना टेकून बसून राहायचा आणि ताई समोर बसून त्याचे श्वास ऐकायची. दवाखान्यातल्या सिस्टरने फोनवर स्पष्ट सांगितलं, "काहीही करा, पण ही पाळी चुकवू नका. त्याला झेपणार नाही."

त्या सकाळी थंडी अशी होती की स्टीअरिंगला हात लावावासा वाटत नव्हता. ताईने टाकी काठोकाठ भरली, पाण्याचे दोन कॅन डिकीत टाकले आणि भुंग्याला धरून धरून पुढच्या सीटवर बसवलं. हीटर लावला. थोड्याच वेळात समोरची काच आतून धुरकट झाली. ताईने फडक्याने पुसली तर पुसली जाण्याऐवजी तेलकट फराटे उमटले. ती वाकून, एका फटीतून रस्ता बघत गाडी चालवत होती. अर्धं लक्ष रस्त्यावर, उरलेलं काट्यावर.

चढ निम्मा झाला आणि काटा सरकायला लागला. ताई मनातल्या मनात त्याची विनवणी करत होती. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटच्या फटींतून वाफ फुटली आणि तिने गाडी कशीबशी कड्याच्या बाजूला घेतली.

पहिल्यांदा तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "एकच गाडी आहे, ती बाहेर गेलीय. आली की पाठवतो."

"कधी येईल?"

"आता ते मी कसं सांगू, बाई?"

मग ती रस्त्यात उभी राहून हात करायला लागली. एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. दुसरा हळू झाला, ड्रायव्हरने भुंग्याचं तोंड पाहिलं आणि त्यानेही वेग धरला. एक मोटार थांबली, पण तीत माणसं आणि सामान इतकं कोंबलेलं होतं की काच खाली करून "माफ करा" म्हणण्यापलीकडे त्यांना काही करता येईना. दवाखान्यात फोन केला तर सिस्टर म्हणाली, "थोडा वेळ मशीन अडवून धरते. पण बाहेर दुसरा पेशंट बसलाय, हे लक्षात ठेवा."

इंजिन निवेपर्यंत झाकण उघडता येत नव्हतं. शेवटी तिने फडकं गुंडाळून ते हळूहळू सैल केलं आणि एक कॅन ओतला. पाणी गडगड करत आत जात राहिलं. मान वर केली तर भुंग्या काचेतून त्या पाण्याकडे बघत होता. कोरडे ओठ किंचित उघडलेले. तिला त्याच्याकडे बघवेना.

ती त्याच्या दाराशी आली तेव्हा तो म्हणाला, "ताई, पुरे झालं आता."

"काय पुरे झालं?"

"हे सगळं. घरी जाऊ. उतारच आहे, घरंगळत जाईल गाडी."

"तोंड बंद ठेव!" ती इतक्या जोरात ओरडली की तिचाच आवाज कड्यावरून परत आला. "तू म्हणणार आणि मी गाडी वळवणार होय? इथे माझा जीव चाललाय आणि तू..." तिने दाराला धरलं आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाणी घातलं तरी माथ्याच्या आत पुन्हा तापणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग भुंग्या म्हणाला, "रागावू नकोस. पण माझे मोजे भिजलेत. आणि पाणी गरम आहे."

"गरम?"

ती खाली बसली. चटई उचलली. खालचा जाड कपडा चिंब झाला होता. बोट लावलं तर बुळबुळीत, चिकट. तिने आपला पांढरा रुमाल त्यावर दाबला. रुमाल फिका हिरवा झाला. नाकाशी धरला, आणि करपलेल्या पाकाचा गोड वास थेट डोक्यात गेला.

ती तिथेच मातीत बसून राहिली. मग तिने मिस्त्रीला फोन लावला.

"अहो, पाणी आतच गळतंय! पायाखाली! हिरवं, गोड वासाचं!"

"अरे देवा. मग हीटर फुटलाय," मिस्त्री म्हणाला. "डॅशबोर्डच्या मागे छोटा रेडिएटर असतो, तो. काच तेलकट होत होती का?"

"होत होती."

"मग तोच. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ऐका, इंजिन उघडायची गरज नाही. पक्कड आहे?"

वडिलांची पक्कड डिकीत होती. मिस्त्री सांगत गेला. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून दोन रबरी पाइप आत जातात, एक गरम पाणी हीटरला नेतो, दुसरा ते परत आणतो. दोन्ही पत्र्याजवळून सोडवायचे. आखूड पाइप इंजिनाकडूनही काढून फेकून द्यायचा आणि लांब पाइप वळवून त्याच्या जागी बसवायचा. "म्हणजे पाणी इंजिनातून निघून इंजिनातच परत जाईल. हीटर गेला सुट्टीवर. फक्त वळवताना पाइप मुडपू देऊ नका. आणि जपून, भाजेल."

"भाजण्याचं मला सांगू नका," ताई म्हणाली. इस्त्रीने तिच्या बोटांची कातडी कधीच निबर केली होती.

तरी भाजलंच. पहिली क्लिप सुटली आणि कढत पाणी मनगटावर आलं. तिने दात आवळले, शिव्या घातल्या, पण हात काढला नाही. दुसरा पाइप वर्षानुवर्षांचा चिकटलेला, हलेना. तिने पक्कड टाकली, एक पाय बंपरवर रोवला आणि दोन्ही हातांनी पिळून ओढला. पाइप निघाला तशी ती मागे आदळली. उठून तिने आखूड पाइप काढून टाकला, लांब पाइप वळवला, दाबून बसवला, क्लिप चढवली. ओल्या बोटांतून क्लिप दोनदा निसटली.

दुसरा कॅन ओतून संपला, तरी पाणी काठाला येईना. आसपास ना नळ ना ओढा. तेवढ्यात भुंग्याने दार उघडलं आणि आपली छोटी बाटली पुढे केली. सकाळपासून त्याने एक घोटही घेतला नव्हता.

"ओत."

"वेडा आहेस का? दिवसाचं पाणी आहे तुझं."

"ओत म्हणतो ना. मला बघत बसायला लावू नकोस."

तिने ओतलं. गाडी चालू केली. काटा हलला, वर चढला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला. मग समोरची काच पुन्हा धुरकटू नये म्हणून तिने दोन्हीकडच्या काचा खाली केल्या, आपला कोट भावाच्या पायांवर टाकला आणि गाडी पुन्हा चढाला लावली.

घाट उतरताना वारा कानशिलं कापत होता.

"भुंग्या," ती म्हणाली, "मी तुला चोर म्हटलं."

"थोडं चोरलं होतं मी," तो दम घेत घेत म्हणाला. "पण ते चटईवर नाही सांडलं. पोटात गेलं सगळं."

ती हसली आणि त्याच वेळी तिचे डोळे असे भरून आले की रस्ता दिसेना.

दवाखान्यात पोचले तेव्हा मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. सिस्टरने आधी ताईला फैलावर घेतलं, मग भुंग्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. त्याला तिथल्या तिथे ऑक्सिजन लावला. दुपारी एक मशीन रिकामं झालं तेव्हा त्याला आत घेतलं, आणि तेही नेहमीपेक्षा कमी वेळ. ताईने डॉक्टरांना गाठून तो हिरवा रुमाल दाखवला. "हे विष असतं ना? मी त्याला यातच बसवत होते. यानेच तर त्याचं..."

"नाही, नाही," डॉक्टर म्हणाले. "हे पोटात गेलं तर वाईट. त्याचा आजार याच्या आधीचा आहे. पण पुन्हा बसवू नका. आणि तो हात दाखवा इकडे."

हाताला पट्टी बांधून घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली आणि बसल्या जागी झोपली.

परतीच्या वाटेवर उजेड होता. भुंग्याची सूज थोडी उतरली होती, पण मान टाकून पडला होता तो. ताईने बराच वेळ मनात घोळवून मग विचारलं, "सकाळी पुरे झालं म्हणालास. ते खरं होतं?"

"तेव्हा खरं होतं."

"आणि आता?"

"आता माहीत नाही." कोट गळ्यापर्यंत ओढून घेत तो म्हणाला, "परत वाटेल, ताई. तुला खोटं कशाला सांगू?"

ताईच्या ओठांवर आलं होतं की असं बोलायचं नाही. पट्टी बांधलेल्या हाताने तिने गिअर बदलला. "वाटलं की मला सांग," ती म्हणाली. "एकटा ठरवून बसू नकोस."

"बरं."

त्या गाडीचा हीटर पुढे कधी मिळालाच नाही. इतक्या जुन्या मॉडेलचा सुटा भाग कुठे सापडेना. मिस्त्रीने पाइप नवा घातला, पण जोडणी ताईने केली होती तीच ठेवली. हिवाळाभर ती दोघं घोंगड्या पांघरून, तोंडातून वाफा सोडत घाट ओलांडत राहिली. पाणी कमी होणं थांबलं होतं. भुंग्याचं तसं काही सांगता येत नव्हतं.