बिनतुपाची डाळ

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शेजारच्या शर्मा भाभींना तर नाहीच — आणि ज्याला सांगायला हवं, त्याच्याशेजारी बसून मी रोज जेवते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. बोलता बोलता अडखळले तर जरा थांबा. चांगुलपणाचा आव आणायला लागले, तर मात्र खुशाल वाचणं सोडून द्या.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. अविनाश, म्हणजे माझा नवरा, केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे. मुलगी ईरा सातवीत. ईराच्या पाठीवर मला दिवस गेले होते, ते बाळ पाचव्या महिन्यात गेलं. बाळ गेलं आणि पोट राहिलं — असं म्हणायला मला चार वर्षं लागली. अविनाशला हे सगळं माहीत होतं. हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून तोच बसला होता.

आता मंडळाच्या गणपतीचं सांगते. आमच्या सेक्टरातली मराठी मंडळी वर्षातून एकदा जमतात, मुलांचे नाच होतात, पुलाव होतो आणि शेवटी नवरा-बायकोंची उखाण्यांची स्पर्धा. अविनाश दिल्लीतच वाढलेला, त्याचं मराठी निम्मं हिंदी, पण लोकांना हसवायची त्याला भारी हौस. माइक हातात घेऊन म्हणाला —

आर. के. पुरमच्या क्वार्टरला पुढे लहानसं अंगण,
वैशालीचं पोट येतं आधी, मागून वाजतं कंकण.

हॉल हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? त्याला पहिलं बक्षीस मिळालं, नॉनस्टिक तवा. आणि पुलावाच्या रांगेत एक काकू कौतुकाने माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, ''काही गोड बातमी का गं?'' मी काही बोलायच्या आत अविनाश म्हणाला, ''नाही हो काकू, नुसतं जेवण आहे ते!''

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. घरी आल्यावर मी रडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, पण माझा स्वभाव भांडायचा नाही. माझा स्वभाव डूख धरायचा आहे. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आता आहे.

दसऱ्याला अविनाशने जिम लावली. चाळिशी उलटलेली, ऑफिसात नवीन पोरं आलेली, घट्ट शर्ट घालणारी — त्याच्या डोक्यात सिक्स पॅक शिरलं. मुनिरकाच्या बाजूला एका तळघरातली जिम. तिथे एका भिंतीवर मेंबरांचे आधीचे आणि नंतरचे फोटो लावतात. नवीन वर्षाला त्या भिंतीवर त्याचा फोटो लागणार होता. 'आधीचा' फोटो काढूनही झाला होता. ट्रेनर विक्की पानिपतचा. अविनाश सगळ्यांना सांगत सुटला, ''या वेळी पानिपतात मराठे जिंकणार.'' एकदा विक्कीने फोन करून मलाच समजावलं — भाभीजी, पेट जिम में नहीं, किचन में कम होता है.

किचन में. म्हणजे माझ्या हातात.

त्याने आहाराचा तक्ता फ्रिजवर चिकटवला. सकाळी दलिया आणि एक फळ, दुपारी डब्यात एक भाकरी, बिनतडक्याची डाळ आणि उकडलेली भाजी, संध्याकाळी पुन्हा डाळ, मूठभर भात, टोन्ड दुधाचं दही. तूप शून्य, तेल शून्य. चिकटवता चिकटवता म्हणाला, ''तू पण सुरू कर यार, खरी जरूरत तर तुला आहे.'' हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नसतं हो, तीच तर त्याची खोड आहे.

मी अजून मूळ गोष्टीला हात घातलेला नाही, कळतंय मला. घालते.

मी त्याच्या डाळीत तूप घालत होते. रोज. एक-दोन थेंब नव्हे, वाटीला दोन चमचे. डाळ शिजली की तूप घालायचं आणि रवीने इतकी घुसळायची की वर एक थेंब तरंगू नये. आलं-लसूण जास्त घातलं की वास दबतो, शिवाय आमच्याकडे दर रविवारी सायीचं लोणी कढतं, घराला तो वास असतोच. दलिया मी आधी तुपात भाजायची, मग पाण्यात शिजवायची. टोन्ड दुधाची पिशवी आणायची ती कचऱ्याच्या डब्यात वरच दिसावी म्हणून. ते दूध आमच्या चहाला, आणि त्याचं दही फुल क्रीमचं. खाताना तो म्हणायचा, ''क्या बात है, बिना तडके की इतकी क्रीमी डाळ!'' मी म्हणायची, घुसळते ना.

आणि त्याची वाटी मी कामवालीसाठी कधी ठेवली नाही. दिल्लीच्या डिसेंबरात तूप बघता बघता वाटीला थिजतं, पांढरा थर येतो. त्याचं जेवण झालं रे झालं की मी गरम पाण्याने ती वाटी घासून ठेवायची. त्याला वाटायचं, बायको किती करते आपल्यासाठी! एकदा त्याने तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा मला लाज वाटली का? नाही. खोटं कशाला सांगू, मला गंमत वाटली.

तो पहाटे उठून धुक्यात पळायचा, संध्याकाळी तासभर पोटाचे व्यायाम करायचा. दंड भरले, छाती उचलली, पण पोटावरची वळी हटेना. विक्कीने भाकरी बंद केली, मग भात, मग फळं. अविनाश आणखी पळायला लागला. मेट्रोच्या जिन्यात त्याला घेरी यायची. मी म्हणायची, डाळ तरी पोटभर खा.

एका सुट्टीच्या दिवशी तो दुपारीच जिमला गेला आणि डबा विसरला, म्हणून मी तिथे द्यायला गेले. विक्कीने सगळ्यांसमोर त्याचा टी-शर्ट वर केला होता आणि त्याच्या पोटाची घडी दोन बोटांत धरून तो म्हणत होता, ''सर जी, ये झूठ नहीं बोलता. आप चोरी से खा रहे हो.'' विशीतली पोरं हसत होती. अविनाश शपथा घेत होता — आईची, मुलीची. मी दारात डबा घेऊन उभी होते. माझ्या पोटाला अख्खा हॉल हसला होता, आणि आता त्याच्या पोटाला लोक हसत होते. मला आनंद झाला. नुसतं बरं वाटलं असं नाही — चांगला, भरभरून आनंद झाला. त्या डब्यातही तूप होतंच.

तिथे हिशेब मिटला होता. मी थांबायला हवं होतं, नाही का? मी थांबले नाही.

त्यानंतर अविनाशचं बोलणं कमी झालं. ईरा त्याची बॅग तपासायला लागली. तिला तो खेळ वाटत होता. बाबा समोसा खाऊन आलात ना, खरं सांगा! तो नाही म्हणाला की ती माझ्याकडे बघायची आणि मी खांदे उडवायची. एवढंच. तोंडाने मी एकही खोटा शब्द बोलले नाही, याचाही मला तेव्हा अभिमान होता.

एका रविवारी सकाळी तो बाजारातून कुलूप घेऊन आला. ओट्यापाशी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, ''वैशू, मी झोपेत उठून खात असेन का गं? असं होतं म्हणे. मी इंटरनेटवर वाचलं.'' मी लोणी कढवत होते. तो म्हणाला, ''तू किचनला कुलूप लाव, किल्ली तुझ्याजवळ ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.''

मी गॅस बारीक केला आणि किल्ली घेतली. ''बरं,'' म्हणाले.

त्या क्षणी सांगता आलं असतं. तो चिडला असता, चार दिवस बोलला नसता, कदाचित उखाण्याचंही निघालं असतं आणि तो म्हणाला असता, सॉरी यार. पण मला त्याचं सॉरी नको होतं. त्याला स्वतःच्या पोटाची लाज वाटायला हवी होती — माझ्याइतकी, रोज, अंघोळीच्या वेळीसुद्धा. आणि ती वाटत होती. आरशासमोर तो श्वास आत ओढून उभा राहायचा, मी दारातून बघायची.

दोन आठवडे कुलूप लागलं. पोट तसंच. फोटोला थोडे दिवस उरले होते. जेवायला बसलो असताना ईराने पुन्हा तेच विचारलं, पण या वेळी ती हसत नव्हती. मोठी झाल्यासारखी म्हणाली, ''बाबा, किचनला कुलूप आहे, मग तुम्ही बाहेरच खात असणार. खोटं बोललेलं मला आवडत नाही.''

अविनाशने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, ''हो बेटा. खातो मी. ऑफिसच्या कँटीनमध्ये. सॉरी.''

तो खात नव्हता. कँटीनमध्ये तो पाणीसुद्धा मोजून प्यायचा. ईराने मान हलवली. तिचं समाधान झालं होतं. अविनाशने माझ्याकडेही बघितलं नाही. वाटी पुढे केली.

मी त्याला डाळ वाढली. तीच, घुसळलेली. तो शेवटपर्यंत जेवला, आणि मी उठून गरम पाणी ठेवलं.

त्यानंतर अकरा दिवस त्याने जिम चालू ठेवली, मग सोडून दिली. ते अकराही दिवस मी तूप घालत होते.