आडवी केलेली टाकी

माझ्या शुद्धलेखनाला आणि अक्षराला हसू नये. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आले ते सही करण्यापुरतेच. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला अजून कळत नाही, आणि लिहिता लिहिता ओळ खाली उतरत जाते. हे कोणाला दाखवायचे नाही, मग माफी तरी कोणाची मागायची? पण मागून ठेवते. मला बोलायला जमत नाही. लिहिताना समोर कोणी बघत नसते, एवढे बरे.

लेकीचे पहिले बाळंतपण थंडीत आले. आम्ही येरवड्याला दोन खोल्यांत राहतो. आतली खोली लेकीला आणि बाळाला दिली. बाहेरच्या खोलीत ओटा, गॅस आणि आम्ही दोघे. हे रात्रपाळीचे वॉचमन आहेत. सकाळी घरी येतात आणि झोपतात.

दवाखान्यातून घरी न्यायच्या दिवशी विहीणबाईंनी मला बाजूला घेतले. त्यांचे गाव आता शहरात आले आहे, पण घराला अजून अंगण आहे आणि बोलणे गावचेच आहे. त्या म्हणाल्या, "थंडी लई हाय. बाळ-बाळंतिणीला गरम पाण्याची सोय आसंल तर न्या. नसंल तर सांगा, आमच्याकडं बंब हाय, लाकडं हायेत. लाजू नगा."

"आहे सोय," मी म्हणाले.

एवढेच बोलले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे असते, आणि ते माझ्याकडून होते की नाही हे सगळे बघत होते. पण खरे कारण ते नव्हते. लेकीच्या आधी मला एक मुलगा झाला होता, गावी, वर्ध्याकडे. तोही थंडीतला. घरातली लाकडे ओली होती आणि त्याच्या अंघोळीचे पाणी कोमटच राहायचे. त्याची छाती भरली आणि तो गेला. कोमट पाण्याने मूल जात नाही, असे नंतर डॉक्टर म्हणाले. असेल तसे. पण त्या पाण्याचा स्पर्श माझ्या हातांना अजून आठवतो. या बाळाचे पाणी मी स्वतः तापवणार होते, दुसऱ्या कोणाच्या अंगणात नाही.

आमच्याकडे गॅसची एकच टाकी. एरवी ती बरेच दिवस पुरते. पण बाळाचे पाणी, लेकीचे पाणी, लंगोट धुवायचे पाणी, तिची लापशी, शिरा, यात ती भराभर संपत होती. पाणी तापवायच्या कांडीने ह्यांना एकदा शॉक बसला होता, तेव्हापासून ती भंगारात गेली. लेकीच्या खाटेखाली शेकाची शेगडी असायची. तिच्यात मूठभर निखारे, त्यावर ओवा टाकायचा. त्यावर पातेलेभर पाणी तापत नाही. नवी टाकी मागवायची तर गाडीवाल्याला हातात पैसे द्यावे लागतात. पैसे दवाखान्यात गेले होते, आणि बाळंतपणासाठी मी माझी भांड्यांची कामे सोडली होती.

एका दुपारी ज्योत पिवळी पडली. मी टाकी हलवून पाहिली. तळाशी थोडे हिंदकळल्यासारखे वाटले.

शेजारी काकू राहतात. शाळेत शिपाई होत्या, आता पेन्शनीत आहेत, एकट्याच असतात. जन्म पुण्यातला. तोंड असे की दूधवालासुद्धा पिशवी दारात ठेवून आधी चार पावले मागे सरकतो. त्यांच्याकडे दोन टाक्या आहेत हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले.

"काय गं?"

"काही नाही. किती वाजले?"

"सात."

मी परत आले. घरात शिरताच समोर भिंतीवर आमचे घड्याळ होते. त्यातही सातच वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई बाळाला बघायला येणार होत्या. त्या यायच्या आत लेकीची आणि बाळाची अंघोळ उरकायची होती. हे अजून पाळीवरून आले नव्हते. थंडी अशी होती की ओट्याची फरशी हाताला चावत होती. गॅस लावला तर ज्योत निळी उठायची आणि बसायची. पाणी तसेच कोमट. तेच, माझ्या ओळखीचे.

थंडीत टाकी गारठते आणि शेवटचा गॅस वर येत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्या बायकांना ठाऊक आहे. टाकी गरम पाण्यात उभी करतात, नाहीतर आडवी करतात. पातेल्यातले कोमट पाणी मी घमेल्यात ओतले आणि टाकी त्यात उभी केली. ज्योत थोडी वाढली. नवे पाणी वर ठेवले. ते तापायच्या आत ज्योत पुन्हा बसली. पाणी तापवायला टाकी तापवायची, आणि टाकी तापवायला पाणी. मग मी टाकी घमेल्यातून काढली, पदराने पुसली आणि गॅस पेटलेला असतानाच आडवी केली.

आधी एक फुसफुस ऐकू आली. मग ज्योत पातेल्याच्या दोन्ही बाजूंनी वर आली, पिवळी, माझ्या डोक्याच्याही वर. मी मागे सरले. ओट्यावरचे फडके पेटले. खोलीत वास भरला. आतल्या खोलीत खाटेखाली निखारे होते, आणि मधे फक्त पडदा. मला ओरडता आले नाही. मला कधीच ओरडता आलेले नाही. मी नुसती पडद्यासमोर हात पसरून उभी राहिले.

दार उघडे होते म्हणून निभावले. काकू वास घेतच आल्या असाव्यात. त्यांनी खाली वाकून आधी टाकीचे बटण फिरवले, मग टाकी उभी केली, आणि पेटलेले फडके घमेल्यातल्या पाण्यात टाकले. आत जाऊन निखाऱ्यांची शेगडी फडक्याने धरून मागच्या दाराने बाहेर नेली. खिडक्या उघडल्या. बाळ रडायला लागले. लेक विचारत होती, "आई, काय झालं? आई!"

"काही झालं नाही. तुझी आई प्रयोग करत होती," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काल वेळ विचारायला आली होतीस ना? टाकीच विचारायची होती."

मी मान हलवली.

"तोंड आहे ना देवाने दिलेलं? आणि आज मी देवळात गेले असते तर?"

मला रडू आले. त्यांनी ते बघितले नाही, किंवा बघितले नाही असे दाखवले. त्या घरी गेल्या आणि भरलेली टाकी जमिनीवर कडेकडेने फिरवत स्वतः घेऊन आल्या. वास पूर्ण जाईपर्यंत मला काडी ओढू दिली नाही. तोवर आम्ही दोघी दारात उभ्या. मला त्यांना हात लावावासा वाटत होता, लावला नाही.

विहीणबाई आल्या तेव्हा घरात वाफ होती. पाणी कढत होते, त्यात मी गार घालून विसणत होते. बाळ माझ्या पायांवर पालथे होते, पाठ लाल झालेली. विहीणबाईंनी पाण्यात बोटे घालून पाहिली आणि पदराला पुसली. मग नाक वर केले.

"गॅसचा वास येतोय का वो?"

माझे हात थांबले. काकू अजून दारातच होत्या.

"माझ्याकडचा आहे," त्या म्हणाल्या. "म्हातारपण. बटण बंद करायचं राहून जातं."

"जपा की वो बाई. शेजारी बारकं लेकरू हाय," विहीणबाई जरा रागानेच म्हणाल्या.

"हो, चुकलंच माझं," काकू म्हणाल्या आणि गेल्या. ज्या बाईने आयुष्यात कोणाचे ऐकून घेतले नाही, तिने माझ्यासाठी एवढे ऐकून घेतले. लेक सव्वा महिना माझ्याकडेच राहिली. बाळाला साधे पडसेही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. आमची रिकामी टाकी त्यांनी आधीच नेऊन ठेवली होती.

"पैसे देईन," मी जमिनीकडे बघत म्हणाले.

"देशीलच. सोडणारही नाही मी. जमतील तसे दे, पण एक सांगते. टेबलावर ठेवून पळायचं नाही. दारात उभं राहायचं आणि तोंडाने म्हणायचं, काकू, पैसे आणलेत. मला ऐकू आलं पाहिजे."

कामे परत धरली तेव्हा पहिल्यांदा गेले. दारात उभी राहिले. आवाज निघेना.

"कोण आहे? मांजर आहे का?" आतून काकू म्हणाल्या.

"काकू, पैसे आणलेत."

"ऐकू नाही आलं."

मला दोनदा म्हणावे लागले. गल्लीतून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिले. कानाच्या पाळ्या तापल्या. मग दर महिन्याला जायचे, थोडे थोडे द्यायचे. कधी त्या चहा टाकायच्या आणि अर्धा कप माझ्यापुढे सरकवायच्या. मी फार बोलत नसे. बाळ पालथे पडायला लागले एवढे सांगितले, रांगायला लागले तेव्हा तेही सांगितले. त्या म्हणायच्या, "बरं झालं, निदान तो तरी हलतोय."

लेक बाळाला घेऊन पुन्हा आली तेव्हा थंडी पडायला लागली होती. बाळ आता धरून उभे राहत होते. मी त्याला कडेवर घेतले, पदराच्या गाठीतल्या नोटा सोडल्या आणि शेजारी गेले. काकू आत भाजी निवडत होत्या.

"काकू, पैसे आणलेत," मी म्हणाले. पहिल्याच वेळी ऐकू गेले. "हे शेवटचे."

त्यांनी हात पुसले, नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या. बाळाने त्यातली एक ओढली, तर ती त्याच्या मुठीतून सोडवून घेतली.

"पूर्ण झाले," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी टाकी संपायच्या आदल्या दिवशी यायचं. आणि वेळ विचारायची नाही."

"येईन," मी म्हणाले.