छत्रीच्या झाडाखालचं गवत

ज्याला अख्खा पावसाळा एक गवत ओळखता आलं नाही, त्याने बागेवर लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच. वाचणाऱ्यांनी माफ करावं. मी बी.कॉम.ला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि झाडांचं मला खरंच काही कळत नाही.

सिंदी मेघेत एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी भाड्याने राहतो. त्यांना काकू म्हणतो. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या वांग्या-मिरच्यांमध्ये एक बारीक, चकचकीत गवत दाटून आलं. उपटलं की परत हजर. त्यांच्या पुण्याच्या मुलाने फोनवर सांगून ठेवलं होतं, दिवाळीला येतो, अंगण असंच दिसलं तर सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसवून टाकतो. तेव्हापासून काकूंना जेवण गोड लागत नव्हतं.

"तू हिंगणीचा ना? मंग सांग बरं, हे कोणतं गवत हाये?"

मी वाकून पाहिलं आणि मान हलवली. कशासाठी हलवली, मलाच माहीत नाही. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जाते, पण मला तिने कधी विळा धरू दिला नाही. "तू पुस्तक घेऊन बस." गावात लोक मला बँकेचे कागद विचारतात, कारण मी कॉलेजात आहे. इथे गवत विचारतात, कारण मी गावचा आहे. दोन्हीकडे मी मान हलवतो.

मोबाइलवर वाचलं की गवताच्या काडीला पेरं असतात. लव्हाळ्याच्या काडीला नसतात, आणि ती बोटांत फिरवली की तीन कडा लागतात. आमच्या रोपांना पेरं नव्हती, पानंही तीन बाजूंना फुटलेली. म्हणजे लव्हाळ्याच्या जातीतलं काहीतरी. मग मी आईला फोटो पाठवला.

"खाली गाठ हाये काय?" तिने विचारलं.

"नाई."

"मंग मोथा नाई तो. काय हाये मले नाई मालूम. अन् तू काऊन उपटून राह्यला? अभ्यास नाई काय?"

गाठीतून फुटणारा मोथा नाही, म्हणजे ते बियांवरून येत असणार. पण बी येतं कुठून? रोपं सगळ्यात दाट होती ती मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, आणि त्या वाटेच्या तोंडाशी काकूंचं छत्रीचं झाड उभं होतं. पिपरी मेघेच्या मैत्रिणीने दिलेलं. उंच काड्या, प्रत्येकीच्या टोकाला पानांची छत्री, मधे तपकिरी तुरे. येणारा-जाणारा त्याचं कौतुक करायचा. मी त्याची काडी बोटांत फिरवली. खाली गोल लागली, वर जरा कोपरे आल्यासारखे वाटले. आता हा लव्हाळा म्हणायचा की नाही? दोन दिवस मी येता-जाता ती काडी चाचपत होतो.

"काय नाडी पाह्यते काय त्याची?" काकूंनी ओट्यावरून विचारलं.

मी चाचरत सांगितलं की बहुतेक, म्हणजे मला नक्की माहीत नाही, पण हेच झाड बी सांडत असावं. तुरे वाळायच्या आत कापले तर...

"माह्या झाडाले बदनाम करू नको बाबू! तुरे कापले तर राह्यलं काय त्याच्यात? नुसता झाडू!"

मला वाईट वाटलं. मी चुकत असलो तर एक चांगलं झाड उगीच बोडकं होणार होतं. बरोबर असलो आणि गप्प बसलो तर त्यांचं अंगण गट्टूखाली जाणार होतं. शेवटी असं ठरलं की एक रोप रंगाच्या जुन्या बादलीत वाढू द्यायचं. छत्री आली तर मी खरा. तोवर बाकीची मी कॉलेजातून आलो की मुळासकट उपटायचो आणि खताच्या खड्ड्यात न टाकता उन्हात वाळवायचो. हे बरोबर होतं का, तेही विचारायला कोणी नव्हतं. बादलीतलं रोप वाढलं, पण परीक्षा संपेपर्यंत त्याला नुसती पानंच होती.

दिवाळीला मी घरी हिंगणीला गेलो. आमच्या घरात नेटवर्क धरत नाही. मुलगा आला असेल, गट्टूची गाडी दारात उभी असेल, असं सारखं मनात येत होतं. रस्त्यापर्यंत जाऊन फोन लावला की काकू उचलत नव्हत्या. भाऊबीज होऊन गेल्यावर एका दुपारी मी रस्त्यावर असताना त्यांचाच फोन आला.

"अरे, कुठं हायेस? पोरगा येऊन गेला. फाटकापासून पायरीपर्यंत गट्टू लावलेच त्यानं. वांग्या-मिरच्यांचं मागचं अंगण तेवढं सोडलं. त्याच्या येण्याआधी मीच सगळे तुरे कापून पिशवीत भरले होते." मग म्हणाल्या, "तुह्या बादलीतल्यानं छत्री काढली बरं. लहानशी हाये, पण सुंदर दिसते रे! आता याचं काय करू?"